आधी मनगट बघा, मग पटर

मंडळी, डिस्क गोल्फ हा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, म्हणून आधी दोन ओळीत सांगतो. गोल्फच, पण चेंडू आणि काठीऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क, आणि भोकाऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये गेली पाहिजे. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. 2002 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. वेड म्हणजे काय असतं ते बघा!

इथे सॅन होजेत आमच्या हापिसातली निम्मी जनता वीकांताला हेच करते. स्वस्तातला खेळ आहे, बहुतेक कोर्सवर पैसे पडत नाहीत. आणि ज्या नव्या देशी पोराला मी घेऊन जातो, तो तिसऱ्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो: "पटर कुठला घेऊ?"

पटर म्हणजे बास्केटजवळ आल्यावर शेवटची फेक करायची डिस्क. बोथट काठाची, जाडसर, सावकाश उडणारी. ड्रायव्हर लांब जाते आणि लोक वा वा करतात, पण गुण जातात ते पटिंगमध्ये. पाच मीटरवरून चुकलेली फेक आणि शंभर मीटर मारलेली फेक, स्कोअरकार्डावर दोन्ही एकच.

माझं उत्तर नेहमी तेच असतं. पटर नंतर. आधी तू फेकतोस कसा ते सांग.

ढोबळमानाने पटिंगचे दोन पंथ आहेत. पहिला स्पिन. डिस्क पोटाजवळ किंवा छातीजवळ आणायची, कोपर वाकवायचं, मनगट आत वळवायचं आणि झटक्यात सोडायचं. डिस्क गरगर फिरत, जवळजवळ सरळ रेषेत साखळ्यांवर जाऊन आदळते. भरपूर फिरणारी डिस्क भोवऱ्यासारखी असते, सहजासहजी कलंडत नाही, त्यामुळे वाऱ्यात बरी टिकते. तोटा असा की चुकली तर बास्केट ओलांडून पार पुढे जाते आणि परतीची फेकही तेवढीच लांब पडते.

दुसरा पुश. हात जवळपास सरळ, डिस्क गुडघ्यांच्या मधून किंवा कमरेच्या खालून वर आणायची आणि बास्केटला हात मिळवायला जावं तशी सोडायची. जोर पायातून येतो, मनगट गप्प. डिस्क कमी फिरते, वर चढते आणि अलगद खाली उतरते. चुकली तर बास्केटच्या पायाशीच पडते. पण वारा असला की ही पद्धत रडवते, कारण समोरचा वारा डिस्क वर उचलतो आणि पाठीमागचा खाली दाबतो. रिकी वायसॉकीचे उंच तरंगत जाणारे पट बघितलेत तर पुश म्हणजे काय ते लगेच कळेल. बरेच चांगले खेळाडू या दोन्हीच्या मधे कुठेतरी असतात.

आता मुद्दा. या दोन पद्धतींना डिस्ककडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात.

डिस्कच्या बहुतेक कंपन्या चार आकडे देतात: वेग, तरंगणं म्हणजे ग्लाइड, सुरुवातीला वळणं म्हणजे टर्न आणि शेवटी वळणं म्हणजे फेड. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकली तर टर्न उजवीकडे, फेड डावीकडे. इनोव्हाची जुनी, प्रसिद्ध एव्हिअर आहे 2, 3, 0, 1. कास्टाप्लास्ट या स्वीडिश कंपनीची बर्ग आहे 1, 1, 0, 2, म्हणजे तरंगायचं नावच नको, टाकली की पडली.

पुशवाल्याच्या डिस्कला फिरकी आणि वेग दोन्ही कमी असतात, त्यामुळे ती शेवटी लवकर डावीकडे ओढली जाते. त्याने फेड कमी आणि ग्लाइड बरी असलेला सरळसोट पटर घेतला तर निम्मं काम डिस्क करते. काठ खोल असेल तर खाली बोटं पसरून धरायला जागा मिळते. स्पिनवाल्याची डिस्क जोरात जाते. तिला थोडी फेड असली तरी चालते, उलट वाऱ्यात ती उपयोगीच पडते, आणि जास्त ग्लाइड असेल तर ती बास्केटवरून उडून जायची भीती. काठ उथळ असेल तर झटक्यात हातातून स्वच्छ सुटते.

मग येतो बीड. काही पटरच्या काठाला खालच्या बाजूने बारीक गोल कड असते, तिला बीड म्हणतात. काहींना ती बोटाला नेमकी जागा सांगते, काहींना खड्यासारखी टोचते. हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. डायनॅमिक डिस्क्सची जज आणि वॉर्डन घ्या. जवळजवळ एकच साचा, जजला बीड आहे, वॉर्डनला नाही. दोन्ही हातात धरून दहा-दहा वेळा फेका, पाच मिनिटांत कळेल तुम्ही कुठल्या पार्टीचे. आपण कोड तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, तसंच.

प्लॅस्टिकचंही तेच. मऊ प्लॅस्टिक साखळ्यांत जरा जास्त धरून राहतं आणि थंडीत हाताला बरं लागतं. कडक प्लॅस्टिक बोटांतून नीट सुटतं, पण उन्हात घामाने निसटतं. वजनाला नियमाची मर्यादा आहे, व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅम. पटर साधारण 21 सेंटिमीटरचा, म्हणजे जास्तीत जास्त 175 ग्रॅमच्या आसपास. वारा असणाऱ्या गावात जड घ्या. खांदा कुरकुरत असेल तर हलका घ्या, त्यात कमीपणा नाही.

बरं, हे सगळं शनिवारी सकाळी लिहायला मी का बसलोय? कारण माझ्यासाठी हा हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

दीड वर्षापूर्वी माझं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी कीबोर्डला हात लावला की. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं की टायपिंग तर तुझं पोट आहे, ते बंद करता येणार नाही, कमी करू. पण मनगटाचे झटके बंद. स्पिन पट म्हणजे दुसरं काय? एका फेरीत वीस-पंचवीस झटके, सरावाला दोनशे.

इथे एच-वनवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. म्हणजे मनगटावर नोकरी, नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर आणि मुलीची शाळा. रात्री दोन वाजता हा हिशोब मनात सुरू झाला की झोप येत नाही. आणि त्या दिवसांत डोकं शांत ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शनिवार सकाळचा हा खेळ. तोच सोडावा लागणार असं दिसत होतं.

त्याच वेळी बाबा इकडे सहा महिन्यांसाठी आले होते. एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर. डावा गुडघा आणि उजवा खांदा, दोन्ही गाडीला वाहिलेले. मी त्यांना नुसतं बसायला म्हणून कोर्सवर न्यायचो. एकदा म्हणाले, "दे बघू एक इकडे." खांदा वर जात नाही, त्यामुळे त्यांनी दोन्ही पाय फाकवून, बास्केटकडे तोंड करून, खालून अलगद डिस्क सोडली. पहिल्या दोन पडल्या. तिसरी साखळ्यांत! कोणी शिकवलं नाही, शरीराने जे जमत होतं तेच केलं, आणि ते शुद्ध पुश पटिंग होतं. पाय फाकवून उभं राहण्याला इथे स्ट्रॅडल म्हणतात, मोठमोठे खेळाडूही झाडाच्या आडून मारताना तसेच उभे राहतात.

मी त्यांना सगळं पुराण ऐकवलं, ग्लाइड, फेड, बीड. बाबा डेपोच्या विश्रांतीगृहातले जुने कॅरमवाले. ऐकून म्हणाले, "अरे, स्ट्रायकर दुकानात ठरत नाही. बोटाला ठरतो. आमच्यात एकाचं बोट कापलेलं होतं, तो अंगठ्याने मारायचा. त्याचा स्ट्रायकर आम्हाला कोणाला चालायचा नाही आणि आमचा त्याला."

त्यानंतर मी पुशवर आलो. हात सरळ, मनगट गप्प, जोर पायातून. पटर बदलला: कमी फेडवाला, खोल काठाचा, बिनबीडचा, 170 ग्रॅम. एकसारखे चार घेतले, कारण सरावाला एकच डिस्क असेल तर निम्मा वेळ ती आणण्यात जातो, आणि चार वेगळ्या असतील तर हाताला काहीच शिकता येत नाही. मग 3, 6 आणि 9 मीटरवरून वीस-वीस फेकी, आणि चुकलेली प्रत्येक कुठे गेली ते वहीत. डावीकडे जास्त गेल्या तर फेड जास्त आहे किंवा डिस्क तिरकी सुटतेय. खाली पडल्या तर पाय वापरले जात नाहीयेत. वरून गेल्या तर नाक वर आहे. पंधरा दिवस असं लिहा, वही स्वतःच सांगते डिस्क बदलायची की पाय.

9 मीटरच का? कारण बास्केटपासून 10 मीटरच्या आत नियम कडक आहे. डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभं राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, उडी मारून फेकणं तर नाहीच. खरी परीक्षा याच वर्तुळात. पुशमध्ये अंग पुढे जातं, म्हणून तोल सांभाळणं हाही सरावाचाच भाग.

माझे आकडे? 6 मीटरवरून स्पिनने वीसातल्या चौदा जायच्या, पुशने आज बारा जातात. वाऱ्यात आठ. म्हणजे खेळ थोडा उतरलाच, खोटं कशाला बोलू. पण मनगट सकाळी दुखत नाही आणि शनिवार शाबूत आहे. हा सौदा मला मान्य आहे.

तेव्हा पोरांनो, दुकानात जायच्या आधी दोन प्रश्न. माझं शरीर कुठली फेक दहा वर्षं करू शकेल? आणि चुकलेली डिस्क कुठे पडलेली मला चालेल? याची उत्तरं मिळाली की भिंतीवरच्या शंभर पटरपैकी नव्वद आपोआप गळतात. उरलेल्या दहांत रंग आवडेल तो घ्या.

असो. बाबा आता साताऱ्यात आहेत. एक पटर सोबत घेऊन गेलेत. अंगणात जुनं घमेलं ठेवून संध्याकाळी फेकतात म्हणे, आणि आई रोज विचारते, "हे अजून किती दिवस चालणार?"

पुढच्या शनिवारी भेटू.