मेपलच्या मुलखात (भाग 3) : जत्रेच्या आधीचे दिवस

बुधवार

स्टॅन्टन सोडलं (नकाशात ‘स्टॉन्टन’ वाटतं, पण तसं म्हणालात की गावकरी हसतात) आणि 250 नंबरचा रस्ता डोंगर चढायला लागला. एक धार ओलांडली की दरी, दरी संपते तोच दुसरी धार. शेनांडोआ डोंगराच्या माथ्यावर हायलँड काउंटीची हद्द लागते. पुढे मॅकडॉवेल. इथे 8 मे 1862 ला स्टोनवॉल जॅक्सनची लढाई झाली. पाटी वाचून निघाले, लढायांत मला फारशी गोडी नाही.

मॉन्टेरे हे काउंटीचं मुख्य ठिकाण. मुख्य ठिकाण म्हणजे एक कोर्ट, एक मोठा रस्ता आणि भरपूर शांतता. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत 2,232 माणसं होती. व्हर्जिनियात याहून कमी वस्तीची काउंटी नाही. आपल्याकडे एवढी माणसं एका मध्यम गावात मावतात.

राहायची पंचाईत झाली. फोनवर होकार देणाऱ्या ठिकाणी माझं नावच नव्हतं, आणि मेपलच्या जत्रेमुळे बाकीच्या खोल्या कधीच भरलेल्या. शेवटी एका शेतघरातल्या आजीबाईंनी माडीवरची खोली दिली. “भाडं थोडं कमी घेईन,” त्या म्हणाल्या, “पण शनिवारी हात लागतील.” कसले हात, ते विचारायचं राहून गेलं.

गुरुवार

सकाळभर दुकानाबाहेरच्या फळ्यापुढे उभी होते. चिठ्ठीवर चिठ्ठी टाचलेली. पॅनकेकच्या न्याहारीची वेळ, चर्चमधलं ट्राउट माशाचं जेवण, मेपलचे डोनट, हस्तकलेची दुकानं, क्लॉगिंगचा नाच. एका कोपऱ्यात हरवलेलं कुत्रं आणि विकायचं गवत.

जत्रा मार्चमध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवार भरते, 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून. मला वाटलं होतं, पर्यटकांसाठी मांडलेला थाट असेल. फळा नीट वाचला तेव्हा उलगडलं, की जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीखाली कुठल्या ना कुठल्या मदतनिधीचं नाव आहे. आगीचा बंब चालवणारे इथे स्वयंसेवक. बंबाचं डिझेल पॅनकेकमधून निघतं म्हणा ना! रुरिटन क्लबवाल्यांचंही तेच. ही संस्था 1928 मध्ये व्हर्जिनियातच सुरू झाली, खेड्यापाड्यांतल्या कामांसाठी. आपल्याकडे जत्रेसाठी वर्गणी काढतात. इथे वर्गणीसाठी जत्रा.

आजीबाईंनी संध्याकाळी एक ॲप्रन माझ्या अंगावर मापून पाहिला. हात कसले, ते कळलं.

शुक्रवार

आज शुगर कॅम्प. दुरूनच वाफेचा ढग दिसला आणि नाकाने सरळ कोल्हापूर गाठलं. गुऱ्हाळच! लांबट पसरट कढया, खाली लाकडाचा जाळ, वर उकळता रस. फरक एवढाच की रस झाडाचा, आणि काढतानाचा रस पाण्यासारखा पातळ. चव घेतली. गोडी शोधावी लागते. साखर जेमतेम दोन टक्के. म्हणून साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक हाती येतो. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या चारेक अंश वर, 104 सेल्सिअसच्या आसपास, पाक तयार.

जाळापाशी बसलेल्या म्हाताऱ्याची नजर कढईवरून हलत नव्हती. फेस वर आला की तो लोण्याचा बोटभर तुकडा टाकायचा आणि फेस निमूट बसायचा. मी त्याला आपल्याकडच्या भेंडीच्या चिकट रसाबद्दल सांगितलं, मळी काढायला गुळव्या तो घालतो म्हणून. “भेंडी? आम्ही ती तळून खातो,” तो म्हणाला. इतक्यावर विषय संपला.

झाडांना डब्यांऐवजी आता प्लास्टिकच्या नळ्या दिसतात, उतारावरून रस आपोआप खाली येतो. दिसायला डबे देखणे, पण रोज रिकामे कोण करणार? तेही पाठीच्या दुखण्यासकट? मला नळ्याच पटल्या.

रस वाहतो तो रात्री गोठण आणि दिवसा ऊब असेल तरच. कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम आटोपतो. म्हणून सगळ्यांचं बोलणं शेवटी हवेवर येतं. संध्याकाळी आजीबाई अंगणात गेल्या, आकाश पाहिलं, बादलीतल्या पाण्याला बोट लावलं. वर पापुद्रा धरायला लागला होता. “वाहील,” म्हणाल्या.

उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय. पॅनकेकच्या रांगेत माझी जागा तव्याच्या बाजूला आहे.