न झालेल्या लढाईचे खंदक

बेळगावला मराठा सेंटरमध्ये ट्रेनिंगला खणलेले मोर्चे लाल मातीत ताठ उभे राहायचे. राजस्थानच्या सीमेवर तसं नव्हतं. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला, ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं आणि आमची पलटण वाळवंटात जाऊन बसली. वाळू खणायला सोपी, पण कमरेएवढं खाली गेलं की कडा ढासळायची आणि दिवसभराची मेहनत बुजून जायची. शेवटी पोत्यांत वाळू भरून भिंती रचल्या, वर पत्रे टाकले, पत्र्यांवर पुन्हा वाळू. त्यात आम्ही राहिलो.

पौषी पौर्णिमेला आमच्या मुरबाडात म्हशाची जत्रा भरते, घोंगड्यांचे ढीग लागतात. त्या थंडीत मी पहाटेच्या ‘स्टँड-टू’ला, म्हणजे हल्ला होईल म्हणून सज्ज राहायच्या वेळी, रायफलच्या गार लोखंडावर बोटं ठेवून उभा असायचो. बूट झाडल्याशिवाय पायात घालायचा नाही. विंचू, फुरसं काहीही निघायचं. पोळीत वाळू, डोळ्यांत वाळू, रायफलच्या बोल्टमध्ये वाळू.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला. पाणी टँकरने यायचं, माणशी मोजून मिळायचं. पिऊन उरेल त्यात दाढी; अंघोळीचं नावच नको. माझी धाकटी बहीण शहापूर तालुक्यात दिलेली. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. तिचं पत्र आलं, “दादा, तुमच्याकडे तरी टँकर वेळेवर येतो का रे?” ते वाचून वाटीभर पाणी सांडायचीही मला लाज वाटू लागली.

१४ मेला जम्मूजवळ कालूचकच्या लष्करी वसाहतीत अतिरेक्यांनी जवानांच्या बायकापोरांना मारलं. त्या रात्री आमच्या लंगरचं जेवण तसंच राहिलं. आता हुकूम येणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. आला नाही. गोळीला माणूस तयार होतो. नुसत्या वाट बघण्याला तयार कसं व्हायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात माघारीचा निर्णय झाला. खंदक आम्हीच बुजवले. पण सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरलेले होते. ते लावताना आणि पुढे काढताना कितीतरी जवान गेले, कितींचे पाय गेले. लढाई झालीच नाही, म्हणून त्यांची आठवण कुणी काढत नाही. मुरबाडला भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं मला कारगिलचं विचारतात. मी त्यांना या माणसांचं सांगतो.