मुकी कूर्चा

साठी उलटली आणि जिना चढताना माझा डावा गुडघा बोंब मारू लागला. डॉक्टर म्हणाले, "कूर्चा झिजलीय." म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाही?" तर म्हणे, तिला मज्जातंतूच नसतात, आता ओरडतंय ते खालचं हाड! बिचारीला रक्तवाहिन्याही नाहीत. स्पंजासारखी ती. पाऊल टेकलं की दबते, उचललं की सांध्यातलं वंगण शोषते. तेच तिचं जेवण. म्हणजे चाललं नाही की उपाशी! आणि मी, गुडघे जपायचे म्हणून, दोन वर्षं आरामखुर्चीत. वरच्या मजल्यावरच्या एकट्या बाळूकाकांकडेही जाणं सोडलेलं. काल गेलो. कठडा धरून, थांबत थांबत. काकांनी दार उघडलं.

"आलास? मला वाटलं, गेलास!"