गेमिंग हेडसेट : गुण, दोष आणि आमच्या घरातला हिशोब



'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आपण मुलांना हमखास देतो. यंदा तसाच विषय माझ्याच घरात आला. माझ्या नववीतल्या मुलाला त्याच्या पुण्याच्या मामांनी १८,००० रुपयांचा गेमिंग हेडसेट भेट दिला. उचगावात आमच्या घरी एवढ्या पैशात फ्रीज आला होता! मी आधी चिडलोच. पण न वापरता नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून आठवडाभर स्वतः कानाला लावून बघितला.

आधी गुण सांगतो. बाहेरचा गोंगाट दाबायची सोय यात आहे. हायवेवरच्या ट्रकांची घरघर एकदम बारीक होते. त्यामुळे आवाज कमी ठेवूनही सगळं नीट ऐकू येतं. साध्या इअरफोनवर गोंगाट असला की मुलं आवाज वाढवत नेतात, ते इथं टळतं. गेममध्ये पावलं डावीकडून आली की उजवीकडून, तेही कळतं. माईक तर इतका स्वच्छ, की ऑनलाइन प्रशिक्षणाला मीच वापरला.

आता दोष. वजन ३०० ग्रॅमच्या वर. तासाभरात कान घामेजतात. दोन-तीन दिवसांनी चार्जिंग लागतं.

पण खरा दोष परवा कळला. मी शाळेतून आलो, तर आई भर पावसात दारात उभी. हातात दळणाची पिशवी, आतून कडी. अर्धा तास ती दार वाजवत होती. मी खिडकीतून हात हलवला तेव्हा कुठं पोरानं बघितलं. आत येऊन ओली पिशवी खाली ठेवत आई एवढंच म्हणाली, "कानात बोळं घातल्यात व्हय रं?" पोरगं रडकुंडीला आलं. बाहेरचं ऐकू न येणं हा या वस्तूचा गुण, आणि दोषही तोच.

रात्री आम्ही दोघांनी वहीवर हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १० आणि ८४ ला फक्त ५! कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, हेही त्याला सांगितलं. हेडसेट चांगला, कानाला टोचत नाही, म्हणून तर मुलं तासन् तास काढत नाहीत.

हेडसेट परत केला नाही. नियम मात्र केले. आवाज ६० टक्क्यांच्या आत. रोज एकच तास. आणि तिसरा नियम त्यानं स्वतः सुचवला : आजी बाहेर गेली असेल, तर ती येईपर्यंत हेडसेट कानाला नाही.

गणिताच्या तासाला हा ३ डेसिबलचा हिशोब जरूर घ्या. मुलं आपली आपणच बोटं मोडून तास मोजू लागतात.