आधी कलम, मग किनारा

गडचिरोलीच्या माणसाला बेट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. भर पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली आणि पुलावरून पाणी गेलं की भामरागडचं बेट होतं. आलापल्लीकडची वाट बंद. मास्तर, नर्सबाई, तलाठी जिथे असतील तिथे अडकलेले. माझ्या जोडीदाराने तिथे नोकरीची काही वर्षं काढली आहेत. एखाद्या बेटावर सुट्टीला जाऊ, असं मी म्हटलं तेव्हा चामोर्शीचा तो गडी म्हणाला, ‘‘पैसे देऊन कायले जा लागते? भामरागडले फुकटात अडकता येते!’’

आम्ही दोघं पुरुष आहोत आणि जोडपं आहोत. चारचौघांत आम्ही ‘दोघं मित्र’ असतो. चंद्रपूरसारख्या गावात त्यात फारशी अडचणही येत नाही. अहेरीच्या लॉजवर, सिरोंच्याच्या विश्रामगृहात दोन पुरुष एका पलंगावर झोपले तर खानसामा वर बघतसुद्धा नाही. नवरा-बायको असतील तर मात्र आधार कार्डावरची आडनावं जुळवून पाहतात! आपल्याकडे आमच्यासारख्यांना आडोसा मिळतो तो असा, लोकांना काही सुचतच नाही म्हणून. परदेशात हा आडोसा चालत नाही. तिथे लोकांना सुचतं. म्हणून बाकीची जोडपी समुद्राचे फोटो बघून बेट निवडतात आणि आम्ही तिथली दंडसंहिता बघून.

मालदीव पहिल्या फेरीतच बाद झालं. तिथल्या कायद्यात दोन पुरुषांच्या संबंधाला तुरुंगवास आहे. रिसॉर्टच्या बेटावर कोणी विचारत नाही, असं एजंट लोक सांगतात. पण कोणी विचारत नाही या भरवशावर तर आम्ही चंद्रपुरातच राहतो, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं? श्रीलंका जवळ आणि स्वस्त, पण १८८३ च्या दंडसंहितेतली ३६५ आणि ३६५-अ ही इंग्रजांची कलमं तिथे अजून पुस्तकात आहेत. बालीचं प्रकरण तर गमतीचंच. इंडोनेशियाने डिसेंबर २०२२ मध्ये नवा फौजदारी कायदा मंजूर केला, त्यात लग्नाबाहेरचा शरीरसंबंधच गुन्हा ठरवला. तक्रार मात्र नवऱ्याने, बायकोने, आईबापांनी नाहीतर मुलांनीच करायची. आमचे आईबाप तक्रार करायला बालीपर्यंत जाणार नाहीत हे खरं, पण आमचं लग्न कायद्याने होऊच शकत नाही, म्हणजे आम्ही जन्मभर लग्नाबाहेरचेच. अंदमानात कायदा आपलाच, पण जोडीदाराने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता आणि त्यावर त्याला शिक्का हवा होता.

खरं म्हणजे सोपं होतं ते फुकेत. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ ला दोन पुरुषांची आणि दोन स्त्रियांची लग्नं सरकारदरबारी नोंदली जाऊ लागली, आता कसली धास्ती नाही. पण घरी काय सांगायचं? दोन बिनलग्नाचे पुरुष थायलंडला निघाले म्हटल्यावर चंद्रपुरात जो संशय येतो तो आमच्या बाबतीत साफ चुकीचा, आणि बदनामी पुरेपूर! शेवटी मॉरिशस ठरलं ते गणपतीमुळे. तिथे मराठी माणसं आहेत, घरोघरी गणपती बसतात, तो बघायला जातो, असं आईला सांगितलं. तिने लगेच मूर्तीपुढे ठेवायला सुपारी आणि आमच्यासाठी चिवडा बांधून दिला. शिवाय मॉरिशसला आपल्या माणसाला आधी व्हिसा काढावा लागत नाही.

नागपूरच्या एजंटाने संगणकात दोन नावं टाकली आणि ‘मिसेस’च्या रकान्यात अडकला. मग म्हणाला, बॅचलर ग्रुपचा दर लावतो, पण त्याला निदान चार जण लागतात. हनिमून पॅकेजमध्ये खोली बरीच स्वस्त होती, वर एक रात्रीचं जेवण आणि फुलं फुकट. अट एकच, विवाह नोंदणीचा दाखला. इथे आमच्या लक्षात आलं की ऑक्टोबर २०२३ हा महिना आमच्या सहलीच्या हिशेबात दोनदा येतो. ४ तारखेला पोर्ट लुईच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३८ पासून चालत आलेलं कलम २५० आमच्यासारख्यांपुरतं रद्द केलं, म्हणून आम्ही जाऊ शकत होतो. आणि १७ तारखेला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणून दाखला नव्हता. मॉरिशसचा निकाल मी सवडीने वाचला होता. त्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. न्यायाधीशांनी म्हटलं होतं की हा कायदा मॉरिशसच्या लोकांच्या मनातून आलेला नाही, तो इंग्रजी राजवटीने लादलेला आहे. हे सांगताना त्यांनी आधार घेतलेल्या निकालांत एक आपला होता, ६ सप्टेंबर २०१८ चा, ३७७ कलमातून आम्हाला मोकळं करणारा. आपल्याकडून तांदूळ जातो, सिनेमा जातो, हे ठाऊक होतं. सुटकाही जाते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मुंबईहून सहा-साडेसहा तासांत विमान उतरतं आणि घड्याळ दीड तास मागे करावं लागतं. देश केवढा, तर आमच्या गडचिरोली जिल्ह्यात सात वेळा मावेल एवढा. माणसं मात्र साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे गडचिरोलीहून जास्तच. विमानतळ एका टोकाला आणि आमचं हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला, तरी वाटेत चहाला थांबायची वेळ आली नाही. चंद्रपूरहून सिरोंच्याला जायचं म्हणजे आमचा अख्खा दिवस मोडतो. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग. ज्वालामुखीच्या जमिनीतले हे दगड आपल्याकडून गेलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनी, हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे ऊस लागला. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांवर माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. ती जागा, आप्रवासी घाट, आता जागतिक वारसा आहे. चढायच्या दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत. जोडीदार त्या पायऱ्यांवर जरा जास्तच वेळ थांबला. रस्ता बंद झाला की माणसाचं काय होतं, हे त्याने भामरागडात पाहिलेलं.

हॉटेलच्या काउंटरवर निळ्या साडीतल्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, पलंग एक हवा की दोन? आवाजात ना खोच, ना जास्तीचा गोडवा. चहात साखर किती, या सुरात. माझ्या तोंडून सवयीने ‘दोन’ निघणार तोच जोडीदार ‘एक’ म्हणून मोकळा झाला. त्यांनी खूण केली आणि नाश्त्याची वेळ सांगितली. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाने आम्हाला तो प्रश्न विचारला होता. आपल्याकडे तो कोणी विचारत नाही, आणि आपण त्यालाच मोकळीक समजून बसतो.

दुसरा धक्का जंगलात बसला. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे तिथलं मोठं राष्ट्रीय उद्यान, साधारण ६७ चौरस किलोमीटरचं. आमच्या ताडोब्याचा गाभाच ६२५ चौरस किलोमीटर, तेव्हा आम्ही नाक मुरडूनच आत गेलो. पण पायी गेलो! गाइड नाही, जिप्सी नाही, फाटकावर नाव नाही. वाघ नाही, बिबट नाही, अस्वल नाही, विषारी साप नाही. माणसं येण्याआधी जमिनीवर राहणारा सस्तन प्राणीच या बेटावर नव्हता, होती ती फक्त वटवाघळं. हरणं आहेत, तीही डचांनी १६३९ साली जावाहून आणलेली. आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत येईलच असं सांगता येत नाही. त्या सवयीने आम्ही दोघं संध्याकाळच्या पायवाटेवर दर वळणाला मागे बघत होतो. समोरून एक म्हातारं फ्रेंच जोडपं नुसत्या चपला घालून, गाणं गुणगुणत येत होतं.

उद्यानातल्या एका काळ्या बुंध्याच्या झाडापाशी जोडीदार थबकला. पान चोळलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हा तं आपल्या टेंभुर्णीचा सोयरा दिसते.’’ पाटीवर नाव वाचलं तर खरंच, मॉरिशसचं आबनूस आणि आपलं तेंदू एकाच कुळातले, डायोस्पायरॉस. डचांनी या काळ्या लाकडासाठी बेटावरची जंगलं तोडायला सुरुवात केली, पुढच्यांनी उसासाठी उरलीसुरली साफ केली. आता अस्सल देशी जंगल दोन टक्केसुद्धा धड नाही. गडचिरोलीत त्याच्या भावंडाचं पान तोडून लोक मे महिन्यात वर्षाची कमाई करतात आणि झाड उभं राहतं. आमच्या जिल्ह्याला मागास म्हणायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. दाल पुरी मात्र खाच. रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत ठेवलेल्या, आत हरभऱ्याच्या डाळीचा भुगा भरलेल्या पातळ पोळ्या. विकणारा त्या जोडीनेच देतो. वर बियांची पातळ उसळ, टोमॅटोचं कालवण, हिरव्या मिरचीचा ठेचा, मग झटक्यात गुंडाळी करून कागदात. आमच्या सावजीपुढे तिखट म्हणजे काहीच नाही.

गणपती फ्लिक-आं-फ्लाकजवळच्या कास्कावेल गावातला. मॉरिशसमध्ये १८९६ पासून गणपती बसतो असं सांगतात. देशाला गणपतीची सार्वजनिक सुट्टी आहे, आणि ती बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. आरती मराठीत, ढोलकीवर फेर धरून झाकरी, म्हणजे कोकणातली जाखडी. आणि आरती संपली रे संपली की सगळे आपापसात क्रिओलमध्ये बोलू लागतात. कोकणातून गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. खापरपणजोबाचं पहिलं नाव कारकुनाने लिहून घेतलं, तेच कित्येकांचं आडनाव झालं आहे. वडशाकडच्या रात्रभराच्या दंडारी बघत वाढलेला माझा जोडीदार ढोलकी ऐकून फेरात घुसला. चुकीच्या पायावर नाचत होता, पण कोणी हटकलं नाही.

तिथेच एक पंचविशीचा पोरगा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. जरा वेळाने शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत त्याने विचारलं, ‘‘आपण दोघे एकत्र आहात काय?’’ दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मी हो म्हटलं. मग विसर्जन होईपर्यंत तो आमच्यासोबतच राहिला. कलम गेलं त्या दिवशी तो कामावर होता, रडू आलं म्हणून गोदामात जाऊन बसला. २०१८ च्या जूनमध्ये पोर्ट लुईतला त्यांचा मोर्चा विरोधकांच्या जमावामुळे निघूच शकला नव्हता, तेव्हा तो शाळकरी होता. नोकरीवर भेदभाव करायला तिथे कायद्याने बंदी आहे, लग्नाला मान्यता मात्र नाही. मी म्हटलं, तुझं बरं आहे, असल्या समुद्राकाठी राहतोस. तो हसला. म्हणाला, या बेटावर मी कुणाचा नातू आहे हे ज्याला माहीत नाही असा माणूस शोधून दाखवा. घरात आजीला कळलं आहे, गावाला नाही. सुट्टी मिळाली की तो आणि त्याचा मित्र विमानाने शेजारच्या रेयुनियन बेटावर जातात. ते फ्रान्सचं, म्हणजे २०१३ पासून तिथे दोन पुरुषांचं लग्नही होतं.

परतताना जोडीदार म्हणाला, ‘‘म्हणजे हा बी आपल्यासारखाच. त्याच्यासाठी हे चामोर्शीच झालं ना.’’ ते पटलं. ज्या वाळूवर आम्ही दोघं हात धरून चाललो, तिथे तो त्याच्या मित्राचा हात धरत नाही. आम्हाला तिथे कोणी ओळखत नव्हतं, एवढंच आमचं भाग्य. २०१७ च्या डिसेंबरअखेर, ३७७ जिवंत असताना, अमेरिकेतून आलेल्या एका यवतमाळकराने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी यवतमाळातच, मित्रमंडळींसमोर लग्न लावलं होतं. आपल्याच गावात! ते धाडस आमच्यात नाही, आम्ही बेटावरचेच शूर.

ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. निघण्याआधी हॉटेलला पत्र टाकून, आम्ही जोडपं आहोत आणि दोघं पुरुष आहोत, हे साध्या शब्दांत कळवावं. उत्तर कसं येतं त्यावरून पुढचं समजतं. गावातल्या बाजारात आणि देवळात तिथल्या लोकांइतकंच सांभाळून वागावं, कारण आपण परत येतो आणि तिथल्या पोरांना तिथेच राहायचं असतं. हनिमूनची सवलत मागू नये, दाखल्याशिवाय ती मिळत नाही. पलंग मात्र एकच मागावा, तो मिळतो.