तक्रार करणारा माणूस

खेड्यापाड्यांतून इंदुरास येणारे आमचे स्नेही एक प्रश्न हमखास विचारतात. "फादर, शहरात सगळे हाताशी असते. नळ उघडला की पाणी, कळ दाबली की वारा, फोन केला की माणूस दारात. मग इथली माणसे सदा वैतागलेली का दिसतात?" प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नाही. शहरात इतकी वर्षे काढल्यावर त्याचे उत्तर आम्हांस थोडेबहुत सुचू लागले आहे. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शहरी माणसाचा दिवस तीन गोष्टींनी भरलेला असतो : खेळ, सेवा आणि बातमी. खेळ पाहून तो ओरडतो, सेवा घेताना तो कुरकुरतो आणि बातमी वाचून तो सुस्कारा टाकतो. ओरडणे, कुरकुरणे आणि सुस्कारणे या तिन्ही क्रियांत त्याचा पुष्कळ श्वास खर्च होतो. पण ज्याला खरोखर सांगायला हवे, त्याला जाऊन नीट सांगणे हे चौथे काम मात्र बहुधा राहून जाते.

प्रथम खेळाचे पाहू. आमच्या या शहराला क्रिकेटचे वेड आजचे नव्हे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे होळकरांच्या आश्रयाने इथे राहिले, इथेच खेळले. होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. पुढे संस्थान गेले, संघही गेला, आणि मध्य प्रदेशाच्या वाट्याला दीर्घ प्रतीक्षा आली. १९९८-९९ च्या हंगामात अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर झाला. पहिल्या डावात आघाडी मिळूनही मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला. त्या दिवशीचे पराभूत कर्णधार होते चंद्रकांत पंडित, आपल्या मुंबईचे. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर, त्याच पंडितांच्या शिकवणुकीखाली मध्य प्रदेशाने बलाढ्य मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि आपला पहिला रणजी करंडक मिळविला. विजयानंतर पंडितांच्या डोळ्यांत अश्रू आले. ते पाहून आमच्या धर्मग्रामातील कित्येक कठोर पुरुषांनीही डोळे टिपले. ज्या जागी माणूस हरला, त्याच जागी त्याने पुन्हा उभे राहावे, याहून निर्मळ आनंद खेळ तरी दुसरा कोणता देणार?

त्या अंतिम सामन्यात १२२ धावा काढणारा रजत पाटीदार हा इंदूरचाच मुलगा. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेस त्याच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या संघाने अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएलचे विजेतेपद पटकाविले. आमच्या शहरातही त्या रात्री आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच चिन्नास्वामी मैदानाच्या दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा माणसे प्राणांस मुकली. मैदान सुमारे ३५ हजारांचे. बाहेर लोटलेली माणसे लाखांत मोजण्याजोगी. मरणाऱ्यांत बहुतेक तरुण. घरातून हसतखेळत निघालेली ही मुले आपल्या आवडत्या संघाचे नुसते दर्शन घ्यावे म्हणून आली होती.

ती बातमी आम्ही आदल्या दिवशी ओरडणाऱ्यांच्या तोंडूनच ऐकली. सगळे हळहळले. चार दिवस दोष कुणाचा याचा खल झाला. पाचव्या दिवशी नवी बातमी आली. यात कुणी निर्दय होते असे नव्हे. बातमी लांबची असली म्हणजे हळहळण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही, असे माणसाला वाटते आणि ते पुष्कळ अंशी खरेही असते. धोका पुढे आहे. लांबच्या बातमीपुढे हात टेकण्याची सवय जडली, की माणूस जवळच्या गोष्टीपुढेही हात टेकू लागतो.

आता सेवेकडे वळू. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मगुरुगृहातील शीतकपाट, ज्याला आपण सारे फ्रीजच म्हणतो, अचानक बंद पडले. मे महिन्यातले इंदूरचे ऊन, आणि त्या कपाटात आमच्यासोबत राहणाऱ्या वृद्ध फादरांचे इन्सुलिन! यंत्राच्या मुख्य भागाची हमी दहा वर्षांची. वस्तू घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आम्ही फोन केला. ध्वनिमुद्रित गोड आवाजाने आम्हांस एक दाबावयास सांगितले, मग चार दाबावयास, मग पुन्हा एक. मधूनमधून, आमचा वेळ त्यांना किती मोलाचा वाटतो, हेही तो सांगत होता. अखेर एक माणूस बोलला आणि पावती मागू लागला. दुकानच्या पावतीवरील अक्षरे पार उडून गेली होती. हल्लीच्या त्या गुळगुळीत कागदाचा हा गुणच आहे. सुदैवाने आमच्या स्वयंपाक्याने वस्तू घरात आली त्याच दिवशी पावतीची छायाप्रत काढून ठेवली होती. (वाचकहो, एवढी एक गोष्ट तरी त्याच्यापासून शिकावी.) प्रत पाठविली. "दोन दिवसांत माणूस येईल," असे आश्वासन मिळाले. दोनाचे दहा दिवस झाले. तोवर इन्सुलिन शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये, त्यांच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, सुखाने नांदत होते.

या दहा दिवसांत पुष्कळांनी आम्हांस सल्ले दिले. कुणी म्हणाले, "फादर, सोडून द्या, नवा घ्या." कुणी म्हणाले, "तुम्ही तर धर्मगुरू. कशाला उगीच वाईटपणा घेता?" हा 'वाईटपणा घेणे' शब्द आपल्या मराठीत मोठा मार्मिक आहे. जो चूक करतो त्याचे काही जात नाही. जो चूक दाखवितो तो मात्र वाईट ठरतो! आम्ही सल्ला मानला नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तिथे तक्रार नोंदविली. आठ दिवसांत कारागीर दारात उभा राहिला.

तो देवासकडचा मराठी मुलगा निघाला. घामाने निथळत, मान खाली घालून आत आला आणि काही विचारण्याआधीच "माफ करा, फादर," म्हणाला. आम्ही त्याला आधी पाणी दिले. काम करता करता तो सांगू लागला : "दिवसाला दहा-बारा घरे करतो, फादर. प्रत्येक घरी आधी शिव्या खातो, मग काम करतो. सुटा भाग वरून आला नाही तर मी काय करू? पण वर कोण आहे ते मलाही दिसत नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही. दिसतो तो मीच."

त्याचे ते बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. शहरी माणसाची तक्रार दोन रीतींनी वाया जाते. एक तर तो "आपले काय जाते" म्हणून गप्प बसतो. नाही तर जो पहिला समोर दिसेल त्याच्यावर सारा राग ओततो. फोन उचलणारी मुलगी, सामान पोचविणारा पोरगा, खिडकीमागचा कारकून, हे सगळे त्याच्या तावडीत सापडतात. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या कानांवर मात्र काहीच जात नाही. गप्प बसणारा आणि शिवी देणारा, दोघांचेही फळ एकच : चूक होती तिथे राहते.

या बाबतीत खेळानेच आपल्याला एक उत्तम धडा दिला आहे. पूर्वी पंचाने बोट वर केले की विषय संपे. पुढे बोलणे म्हणजे उद्धटपणा. २००८ साली भारत आणि श्रीलंका यांच्या कसोटी मालिकेत प्रथमच एक नवी पद्धत अजमावून पाहण्यात आली. खेळाडूला निर्णय चुकीचा वाटला तर त्याने पंधरा सेकंदांच्या आत हातांनी खूण करून फेरतपासणी मागावी. मग तिसरा पंच चित्रे पाहतो, चेंडूची वाट तपासतो आणि निकाल देतो. निर्णय चुकीचा ठरला तर मैदानावरील पंच छातीवर हातांची फुली करून आपला निर्णय मागे घेतो आणि सामना पुढे चालू होतो. यात कुणाचा अपमान होत नाही. मात्र एक मेख आहे : अशा तपासण्या मोजक्याच मिळतात. उगीच मागून वाया घालविल्या, तर खऱ्या वेळी हात रिकामे राहतात. योग्य वेळी, योग्य जागी, पुराव्यानिशी आणि शिवीवाचून मागितलेली दाद कशी असावी, हे याहून सोप्या रीतीने कोण शिकवील?

आणि अशी दाद मागण्याची सोय आपल्या कायद्यानेही करून ठेविली आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या स्मरणार्थ २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात, म्हणजे आपल्या नाताळच्या आदल्याच दिवशी. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू मुंबईहून आणलेली असली तरी आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. घरचा स्वयंपाकाचा गॅस घ्या. त्यात १४.२ किलो गॅस असावा लागतो आणि रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. आणणाऱ्याला ती तोलून दाखवावयास सांगणे हा आपला हक्क आहे. ही माहिती शहरापेक्षा खेड्यातच अधिक उपयोगी पडावी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "फ्रीज आणि टाकी या किरकोळ गोष्टींसाठी एवढा प्रपंच कशाला?" त्याला उत्तर म्हणून, जड अंतःकरणाने, आम्ही आमच्याच शहराची एक बातमी सांगतो. २०१७ सालापासून इंदूर हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजत आले. त्याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे, आणि रस्ते झाडणाऱ्या हातांचा तर अधिकच. अशा या शहरातील भागीरथपुरा वस्तीत डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला. मुख्य जलवाहिनी फुटलेली होती आणि तिच्यावर एक शौचालय उभे होते. नर्मदेचे पाणी दुरून चढवून आणावे, आणि ते घराच्या नळापाशी येऊन विष व्हावे! शेकडो माणसे आजारी पडली, अनेक दगावली. त्यांत काही महिन्यांचे एक तान्हे मूलही होते.

या बातमीत आम्हांस सर्वांत जास्त काय टोचले असेल, तर हे : पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, असे वस्तीतली माणसे आधीपासून सांगत होती. म्हणजे इथे तक्रार करणारी माणसे होती. उणीव होती ती ऐकणाऱ्याची. बक्षिसाच्या टाळ्यांत नळाशी उभ्या असलेल्या बाईचा आवाज बुडाला. तक्रारीकडे "कटकट" म्हणून पाहण्याची सवय एखाद्या फ्रीजच्या बाबतीत आपल्याला दहा दिवसांचा ताप देते. पाण्याच्या बाबतीत तीच सवय माणसे मारते. सवय मात्र एकच.

याच शहराने ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरीही एक गोष्ट पाहिली. महिलांच्या विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची भर रस्त्यात एका दुचाकीस्वाराने छेड काढली. शहराची मान खाली गेली. परंतु तिथे असलेल्या एका माणसाने त्या दुचाकीचा क्रमांक टिपून घेतला आणि आरोपी पकडला गेला. त्या माणसाने फार मोठे काही केले नाही. त्याने पाहिले, लिहून घेतले आणि ज्याला सांगावयाचे त्याला सांगितले. "कशाला वाईटपणा घ्या" असे तो म्हणाला असता, तर आम्ही सारे केवळ हळहळलो असतो.

सोसणे हा मोठा गुण आहे. आपल्या आजीपणजींनी तो आपल्याला दिला आहे आणि आम्ही तो कधी हिणविणार नाही. स्वतःचे दुःख सोसावे. पण शेजाऱ्याच्या नळाला घाण पाणी येत असता आपण सोसतो, तेव्हा त्याला सोशिकपणा म्हणू नये. ती बेफिकिरी होय.

गावाकडच्या आमच्या बंधुभगिनींनो, हे सारे शहराचे आहे असे समजून पान उलटू नका. दुधाच्या केंद्रावरचा काटा, रेशनच्या दुकानातले माप, नळयोजनेची टाकी, शाळेतली खिचडी हे सारे तुमच्याही दारात आहे. जिथे खोट दिसेल तिथे दिवस, वेळ आणि नाव टिपून ठेवा, पावती जपा, शांतपणे बोला आणि ज्याच्या हाती काम आहे त्याच्यापाशीच बोला. आणि तुमच्यापैकी जे पंचायतीत, सोसायटीत वा शाळेच्या समितीत बसतात, त्यांना आमची एक विनंती आहे. एखादी बाई हंडा घेऊन दारी आली आणि "जरा या पाण्याचा वास घेऊन पाहा," म्हणाली, तर तिला कटकटी म्हणू नका. उठा, हंड्याशी वाका आणि वास घ्या.