अंडे की धोंडा? : रैयोलीच्या माळावर

चरोतरच्या सपाट, सुपीक मुलुखाला सरावलेल्या नजरेस बालासिनोरच्या पलीकडचा प्रदेश प्रथमदर्शनी काहीसा रुक्षच वाटतो. वडोदऱ्याहून निघून मही ओलांडली आणि सुमारे ९० किलोमीटरांचा प्रवास उरकला की बाबी नबाबांच्या जुन्या संस्थानाचे हे गाव लागते. तेथून थोड्याच अंतरावर रैयोली. उंचसखल माळ, काटेरी झुडुपे आणि मधूनच डोके वर काढणारे करडे खडक, एवढेच काय ते दृश्य. आपल्याकडील अनेक कुटुंबे डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनास नेमाने जातात. परंतु तेथून तासाभराची वाट अधिक चालून रैयोलीपर्यंत पोहोचणारे थोडे. पूर्वी खेडा जिल्ह्यात मोडणारा हा भाग २०१३ पासून महीसागर जिल्ह्यात आला आहे, हे नकाशा घेऊन निघणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

या खडकांना भूशास्त्रज्ञ लामेटा खडक म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लामेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. आपल्या सह्याद्रीचे काळे पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाले, तो लाव्हा पसरण्याच्या सुमारास, म्हणजे आजपासून सहासात कोटी वर्षांपूर्वी, येथे नद्या व उथळ तळी होती. त्यांच्या काठच्या चुनखडीयुक्त वाळूत महाकाय शाकाहारी डायनासोर अंडी घालीत. जबलपूरला १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना अशा प्राण्यांची हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन ते हेच. गुजरातेतील अंड्यांचा शोध मात्र बराच अलीकडचा. १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बालासिनोरजवळ सिमेंटच्या कारखान्यासाठी चुनखडक खणला जात असता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी ती ओळखली. त्याच काळात रैयोलीला गोळा केलेल्या हाडांवरून पुढे २००३ मध्ये एका मांसाहारी डायनासोराचे नामकरण झाले: ‘राजासौरस नर्मदेन्सिस’. आता रैयोलीला कुंपण आहे, २०१९ पासून संग्रहालयही आहे. तत्पूर्वी मात्र कोणीही यावे आणि खिशात मावेल ते घेऊन जावे, असा प्रकार होता. बालासिनोरच्या राजघराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी या जागेच्या राखणीसाठी केलेली खटपट सर्वांस ठाऊक आहे.

संग्रहालयातील भव्य प्रतिकृतींपुढे मुले रमतात, आणि ते योग्यच आहे. माझे मन मात्र बाहेरच्या माळावर अधिक रमते. पायाखालच्या खडकात वीतभर रुंदीचे एक वर्तुळ दिसते. त्याची कड बाजूच्या दगडाहून किंचित गडद. हे अंडे. कोठे अर्धेच वर्तुळ आहे, कोठे वरचा भाग झिजून केवळ बशीसारखा तळ उरला आहे. कोंबडीच्या अंड्याची कल्पना मनात घेऊन येणाऱ्याचा येथे विरसच व्हावयाचा.

यंदाच्या फेरीत माझा भाचा बरोबर होता. तो नुकताच नोकरीस लागला आहे. लहानपणापासून दगडगोटे जमविण्याचा नाद, खंभातच्या अकीकांची एक पेटीच त्याच्याजवळ आहे. कोणा विक्रेत्याने त्याला डायनासोराचे अंडे देऊ केले होते. किंमत म्हणजे त्याचा दोन महिन्यांचा पगार, आणि वर ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’. माळावरच त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर छायाचित्र दाखविले.

“मामा, बघा ना, किती सुरेख गोल आहे!”

“गोल आहे म्हणूनच शंका येते,” मी म्हणालो. “खाली बघ, इथे एक तरी इतके गोल आहे का?”

सहा कोटी वर्षे मातीच्या भाराखाली पडून राहिलेले अंडे दबते, चेपते, तडकते. या चेपण्यातच त्याच्या अस्सलपणाची पहिली खूण असते. तडकलेल्या कवचाचे तुकडे आपापल्या जागी, एकमेकांस जुळतील असेच राहतात. एखादा शेजाऱ्याखाली किंचित सरकतो इतकेच. बनावट करणारा मनुष्य काय करतो? कवचाचे सुटे तुकडे बाजारात स्वस्त मिळतात. मातीचा वा प्लास्टरचा गोळा करून त्यावर तो ते डिंकाने चिकटवितो. तुकडे खरे, अंडे खोटे! अशा गोळ्यावर भिंग धरले तर तुकड्यांच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांची वक्रता गोळ्याच्या वक्रतेशी मेळ खात नाही, क्वचित कवचाची आतली बाजूच बाहेर आलेली असते. तुकड्यांच्या फटींत एकाच रंगाचे सारण भरलेले दिसते. त्यात हवेचे बुडबुडे असले तर आणखी विचारावयास नको. जगाच्या बाजारात चीनमधील अंडी पुष्कळ फिरली आणि त्यांच्या नकला त्याहून पुष्कळ. साच्यातून ओतलेल्या नकलेवर शिवण दिसते, आणि त्याच विक्रेत्याकडील दुसरे अंडे पहिल्याचे जुळे भावंड निघते.

एक साधे गणित भाच्याला वाळूवर करून दाखविले. १६ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ सुमारे २,१०० घन सेंटिमीटर होते. अंड्याच्या पोटात दगड भरलेला असल्याने ते पाच किलोच्या आसपास भरावयास हवे. प्लास्टरचा गोळा त्याच्या निम्म्यावर भरेल. विक्रेत्याने वजन दोन किलो लिहिले होते. अर्थात सिमेंटचा गोळा या परीक्षेत सहज पार पडेल; तेव्हा वजनाने खोटे पकडता येते, खरे ठरविता येत नाही.

खरी कसोटी कवचाची. दहापट मोठे दाखविणारे भिंग घेऊन तुटलेली कड पाहावी. आपल्या इकडच्या अंड्यांना एक ते तीन मिलिमीटर जाडीचे, आतल्या दगडापासून स्पष्ट वेगळे ओळखू येणारे कवच असते. त्याच्या पृष्ठावर बारीक दाणे हाताला लागतात, अधूनमधून श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात आणि कडेवर उभे, पंख्यासारखे उलगडत गेलेले स्फटिक दिसतात. कवच नसेल तर ते अंडे म्हणावयास आधार नाही, मग आकार कितीही मोहक असो. खोटेपणा काही नेहमी माणसाचाच नसतो, निसर्गही फसवितो. काळा पाषाण कुजू लागला की कांद्यासारखे पदर सुटून त्याचे गोल गोटे होतात. दख्खनच्या पठारावर घाट फोडून काढलेल्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला ते पाहावेत. नदीने घोटलेले गोटे, चुनखडीचे गोळे, पोटात स्फटिक बाळगणारी गारगोटी, हे सारे प्रामाणिक मनुष्यालाही चकवितात. पदर अनेक असतील तर तो बहुधा कांदा-दगड. अंड्याचे कवच एकेरी. आम्लाचा थेंब टाकून फसफस पाहण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने फक्त चुना आहे एवढेच कळते, आणि चुना तर साध्या चुनखडकातही असतो. वर अंडे खरे निघालेच तर त्यावर कायमचा डाग! अंड्यात पिल्लाचा सांगाडा असल्याची ग्वाही कोणी देऊ लागला तर किंमत विचारण्याच्याही भरीस पडू नये.

भाच्याने सारे ऐकून घेतले आणि मग नेमका प्रश्न विचारला: “पण मामा, समजा खरे निघाले, तर?”

त्याचे उत्तर मी धोळी डुंगरीच्या गोष्टीने दिले. बालासिनोरच्या परिसरातीलच ही जागा. तेथील एका शिळेत अंडी आणि नाजूक हाडे मोहब्यांना सापडली. १९८७ मध्ये त्यांनी ती डायनासोराची पिल्ले म्हणून प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील जेफ्री विल्सन यांनी ती शिळा निरखली, तेव्हा त्यांना त्यात सर्पाचे मणके ओळखू आले. २०१० मध्ये ‘सनाजे इंडिकस’ या नावाने तो सर्प जगापुढे आला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा सर्प एका अंड्याभोवती वेटोळे घालून होता, शेजारी नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू, आणि त्याच क्षणी वाळूचा लोट येऊन सारेच गाडले गेले असावे. आता कल्पना करा, ती शिळा प्रथम एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती लागती. त्याने छिन्नीने गोल अंडे तेवढे कोरून घेतले असते, आणि बाकीचा ‘चुरा’ तेथेच टाकून दिला असता. घरट्यात अंडी किती, कशी मांडलेली, कोणत्या थरात, ही माहिती अंड्यात नसते. ती भोवतीच्या दगडात असते. म्हणून खोटे अंडे घेतले तर पैसे बुडतात, आणि खरे घेतले तर बहुधा कोणीतरी कोठलेतरी घरटे उकरलेले असते. चीनने परवान्यावाचून अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी घातली आहे. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर त्याविषयी चकार शब्द नव्हता.

पोराचा चेहरा जरा उतरला. परंतु संग्रहाची हौस मोडावी असे मला वाटत नाही. प्रतिकृती म्हणूनच विकल्या जाणाऱ्या उत्तम नकला मिळतात, अकीक आणि स्फटिक तर आपल्या भागात विपुल. त्या संध्याकाळी परतताना भिंगाच्या किमतीची चौकशी चालली होती, ती ऐकून मला बरे वाटले.

इंदूर-धारकडील वाचकांना मात्र एवढ्या दूर येण्याचे कारण नाही. धार जिल्ह्यातील बाग-कुक्षी परिसरातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदविल्याचा प्रबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बागजवळच्या पाडल्या गावी तर अंड्याच्या पोटात अंडे असलेला एक अपूर्व नमुना मिळाला, ज्याचे वृत्त २०२२ मध्ये आले. म्हणजे कवच एकेरी असते हा माझा नियमही तेथे अपवादाला सामोरा जातो. त्याच पाडल्यात काही शेतकरी कुटुंबे शेतातील गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यानुपिढ्या पूजीत आली. हा शेताचा आणि गुराढोरांचा राखणदार. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी ते दगड पाहून ती अंडी असल्याचे सांगितले, अशा वार्ता डिसेंबर २०२३ मध्ये झळकल्या. तिकडे जावयाचे तर पावसाळा सरल्यावर जावे. धारहून कुक्षीच्या वाटेवर बाग लागते, आणि तेथील बौद्ध लेणी पाहण्यास एक दिवस वेगळा ठेवावा.